सोयाबीनच्या जिवाणूला उकाडा कसा कळतो?

इंदूर जिल्ह्यातल्या गौतमपुऱ्याच्या शिवारात खरीप म्हणजे काळी जमीन आणि सोयाबीन. पेरणी उरकावी आणि पावसाने ओढ द्यावी, म्हणजे शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. बियाण्याला चोळलेले रायझोबियमचे जिवाणूही तेव्हा तापत्या, सुकत्या मातीत तग धरत असतात. कोणते जनुक केव्हा चालू करायचे, यावर त्यांचे जगणे ठरते.

सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणाऱ्या ब्रॅडीरायझोबियम या त्यांच्यातल्याच जिवाणूचा जनुकसंच २००२ मध्ये पूर्ण वाचला गेला. त्यात आठ हजारांहून अधिक जनुके निघाली. सगळी एकाच वेळी चालवणे पेशीला परवडत नाही.

उष्णतेची व्यवस्था तर थक्क करणारी आहे. उकाड्याने पेशीतली प्रथिने उलगडतात आणि एकमेकांना चिकटून निकामी होतात. त्यांना सावरणारी लहान प्रथिने बनवायचा आरएनए संदेश एरवी स्वतःभोवतीच दुमडलेला असतो. प्रथिने घडवणारा रायबोसोम जिथे बसायचा तीच जागा झाकलेली राहते. तापमान चढले की ही घडी सैल होते, जागा मोकळी होते आणि प्रथिने तयार होऊ लागतात. संदेश स्वतःच तापमापक! ‘रोझ’ नावाचा हा आरएनएचा तुकडा झुरिकच्या संशोधकांना १९९०च्या दशकात याच जिवाणूत सापडला.

माती सुकू लागली की ट्रेहलोज ही साखर बनवणारी जनुके जोर धरतात. ही साखर पेशीचे आवरण आणि प्रथिने सांभाळते. पुढे मुळाच्या गाठीत पोहोचल्यावर फिक्स-एल हे प्रथिन प्राणवायू कमी झाल्याचे हेरते. ते फिक्स-जे या जोडीदाराला जागे करते आणि तिथून नत्र स्थिरीकरणाच्या जनुकांपर्यंत निरोप जातो. नत्र स्थिर करणारे विकर प्राणवायूने बिघडते, म्हणून ही खबरदारी.

पण नवी प्रथिने बनवायला वेळ लागतो. कडक उन्हात पडलेल्या संवर्धकाच्या, म्हणजे बियाण्याला चोळायच्या जिवाणूखताच्या, पाकिटातल्या जिवाणूंना तो मिळत नाही. म्हणून संवर्धक थंड जागी ठेवावे, बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणूंची शेवटी करावी, बियाणे सावलीत सुकवून लगेच ओलीवर पेरावे. फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप हळूच उपटून मुळावरची गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी निघाली, तर गाठीत नत्राचे काम सुरू आहे असे समजावे.