वैतरणेच्या मुखाशी

पाणी मागे सरतं आहे. श्रावणी पौर्णिमेची भरती बारा वाजून गेल्यावर पूर्ण भरली, तेव्हा अर्नाळ्याच्या किनाऱ्याला सगळ्या होड्या नांगरावर डुलत होत्या. आता तीन वाजलेत आणि एकेक होडी वाळूवर टेकते आहे. आधी पठाण टेकतं, म्हणजे तळाचं ते लांबच लांब जाड लाकूड. मग होडी क्षणभर सरळ उभी राहते आणि हळूहळू एका कुशीवर कलू लागते. पोरं धावत जाऊन कुशीखाली टेकू सरकवतात. पावसाची सर येते, जाते. छत्र्या उघडतात, मिटतात, पण जागचं कुणी हलत नाही. एरवी यातल्या निम्म्या होड्या कुठे ना कुठे समुद्रात असतात. सगळ्या एका रांगेत आज आहेत, नारळी पौर्णिमेला.

आणि त्या नटल्या आहेत. नाळेला, म्हणजे पुढच्या उंच टोकाला, झेंडूच्या माळा आहेत, डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत पताका आहेत, बाजूंना केळीचे खुंट बांधलेत. निळा, भगवा, पोपटी असे ताजे रंग पावसात आणखी उजळतात. नाळेवर देवीची नावं आहेत, नातवंडांची आहेत, आणि त्याखाली सरकारी नोंदणी क्रमांक. विरारहून बसनं आलेली माणसं झेंडू आणि पताकांचे फोटो काढतात. किनाऱ्यावरचे पुरुष मात्र वेगळं पाहतात. ते होडीच्या पाठीमागे जातात, उकिडवे बसतात, फळीवरून तळहात फिरवतात आणि उठतात. बोलत काहीच नाहीत.

मीही एका होडीच्या नाळेपाशी उभी आहे. बाजूला बसलेला म्हातारा तांडेल मला हाक मारतो.

"होरी पुढनं नाय बघाची, बाय. माघनं बघाची. पानी माघं कसं सोरते, त्याच्यावर तिची चाल."

तो उठतो आणि मला मागे घेऊन जातो. पाण्याखाली राहणारा भाग लाल रंगानं लिंपलेला आहे. लाकूड आतून पोखरणाऱ्या किड्यापासून वाचवायला तो रंग लागतो. त्याच्या लहानपणी मुशीच्या काळजाचं तेल चोपडायचे, असं तो सांगतो, आणि त्या वासानं सगळा किनारा ओळखू यायचा. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरलेला आहे. बोटाच्या पेरानं तो एक जागा दाबून दाखवतो. इथं पुढच्या वर्षी पुन्हा भरावं लागेल. मग शेजारच्या फायबरच्या होडीवर थाप मारतो. हिला कापूस लागत नाही, कीड लागत नाही. जंगलात सागवान मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, आणि जाणते सुतार म्हातारे झाले. "पन साचा आमच्याच होरीवरून काढलेला हाय," तो म्हणतो. मी दोन्ही होड्यांच्या मागे आळीपाळीनं बसून पाहते. खरंच, पोटाची गोलाई तीच आहे. लाकूड गेलं, आकार राहिला.

हा आकार कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो या मुखानं घडवला आहे. त्र्यंबकजवळ ब्रह्मगिरीच्या रांगांत उगम पावलेली वैतरणा तानसेला सोबत घेऊन इथे समुद्राला मिळते. उत्तरेला दातिवरे, दक्षिणेला अर्नाळा, मध्ये किल्ल्याचं बेट. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं आणि तितकंच उतरतं. ते सगळं या तोंडातून आत जातं आणि बाहेर येतं. खाली गाळ, वाळूचे दांडे, आणि दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. म्हणून होडीचं पोट रुंद, बूड उथळ, आणि नाळ लाटेवर चढेल इतकी उंच. ओहोटीत रुतली तरी मोडू नये आणि भरती येताच आपोआप उठावी, असा तिचा बांधा आहे.

इथली डोल मासेमारीही या ओघावरच चालते. तळाशी खुंट रोवायचे, त्यांना निमुळतं होत जाणारं जाळं बांधायचं आणि त्याचं तोंड ओघाकडे करायचं. पाणी आत शिरतं, बोंबील, जवळा, करंदी, मांदेली शेवटच्या खोल्यात जमतात. ओघ फिरायच्या आत जाळं उचलायचं. उधाणाला पाण्याला जोर असतो, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तो मंदावतो. त्यामुळे तिथी हेच इथलं घड्याळ आहे. तांडेल बोलताना तारीख एकदाही सांगत नाही.

समोर पावसाच्या पडद्याआड किल्ल्याची तटबंदी दिसते. १७३७ साली मराठ्यांनी हे बेट पोर्तुगिजांकडून घेतलं आणि बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेनं किल्ला नव्यानं उभा केला. बांधणाऱ्या बाजी तुळाजीचं नाव दरवाज्यावरच्या शिलालेखात आहे. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला किल्ल्याच्या तोफांसमोरून जावं लागे. आजही बेटावर कोळ्यांची वस्ती आहे आणि ये-जा होडीनंच होते. आत्ताही एक फेरीबोट तिकडून येते आहे. नऊवारी नेसलेल्या, अंबाड्यात अबोली माळलेल्या बाया लुगडी वर धरून गुडघाभर पाण्यात उतरतात.

"आपल्या गावाच्या नावाची लढाऊ बोट पन हाय," एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मला अभिमानानं सांगतो. आहे. 'आयएनएस अर्नाळा', ७७ मीटर लांबीची पाणबुडीविरोधी नौका, १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ काम करण्यासाठी ती बांधली आहे. उथळ पाण्यासाठीच्या नौकेला अर्नाळ्याचं नाव मिळावं, हे मला फार योग्य वाटतं.

वैतरणेच्या नावाचीही एक बोट होती, ती मात्र मी मुलाला सांगत नाही. 'वैतरणा' नावाची आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे गुजरातेत तिला 'वीजळी' म्हणत. आज बायका दर्याला नारळ देणार आहेत. अशा दिवशी किनाऱ्यावर उभं राहून ही गोष्ट कुणी काढत नाही.

तांडेलला मी नदीबद्दल विचारते, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढतो. वर तानसा १८९२ मध्ये अडवली, मोडकसागर धरण १९५७ मध्ये झालं, अप्पर वैतरणा १९७३ मध्ये, मध्य वैतरणा २०१४ मध्ये. मुंबई या नद्यांचं पाणी पिते. त्याला ही सालं माहीत नाहीत. मुखाशी काय झालं, ते माहीत आहे. पावसाळा सोडला तर वरून पाण्याचा लोंढा येत नाही, गाळ साचतो, होडी काढायला भरतीची आणखी वाट पाहावी लागते. खाडीत रेती उपसणाऱ्यांनी काठ पोखरले. इकडे किल्ल्याच्या बेटाला समुद्र खातो आहे, आणि उत्तरेला डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या ७६,२२० कोटींच्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. त्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या मांगेला, वैती आणि कोळी घरांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. मासळी कुठे विणीला येते, ओघ कुठे फिरतो, हे या माणसांनी होडीच्या आकारात उतरवलं आहे. बंदराच्या आराखड्यात त्या ज्ञानाला जागा असायला हवी होती. तांडेल शेवटी इतकंच म्हणतो, "होरी आमी बदलू. पानी बदललं त काय कराचं?"

ढोल-ताशे, बेंजो. मिरवणूक येते. सोनेरी कागदात मढवलेला नारळ ताटात आहे, वर कुंकू, भोवती फुलं. पाणी आता खूप आत गेलं आहे, म्हणून मिरवणूक होड्यांच्या मधून, ओल्या वाळूवरून चालत राहते. बायका नाचता नाचता गातात. पाऊस जोरात येतो, कागद भिजतो, कुणीतरी ताटावर छत्री धरतं. गुडघाभर पाण्यात प्रमुख मंडळी थांबतात. आरती होते. नारळ लाटेवर ठेवला जातो, परत येतो, पुन्हा ढकलला जातो, आणि तिसऱ्या खेपेला ओहोटीच्या ओघात सापडून दातिवऱ्याच्या दिशेला सरकू लागतो. शेजारची बाई पदर डोक्यावरून नीट करते आणि डोळे मिटून पुटपुटते. तिची दोन मुलं एकाच होडीवर खलाशी आहेत, असं तिनं मघाशी सांगितलं होतं.

मग सगळं एकदम कामाला लागतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची मासेमारीबंदी संपली तरी अनेक घरं या नारळाची वाट पाहत थांबलेली असतात. मध्यरात्रीनंतर पुन्हा भरती भरेल, होड्या उठतील, तेव्हा निघायचं. पताका उतरवल्या जातात, झेंडू मात्र राहतो. जाळी खांद्यावरून चढतात, डिझेलचे कॅन, पिण्याच्या पाण्याचे पिंप, तांदळाची पिशवी, स्टोव्ह. एक जण इंजिन सुरू करून कान लावून ऐकतो आणि बंद करतो.

बर्फाचा टेम्पो मऊ वाळूत रुततो. कुणी कुणाला बोलावत नाही. गळ्यात हार असलेले, नाचून घामेजलेले, जरीची लुगडी नेसलेल्या, सगळे मागे जमतात. दोनदा ढकलून तो हलत नाही, तेव्हा बाया लाद्या सरळ गोणपाटात गुंडाळून डोक्यावर घेतात आणि होड्यांकडे चालू लागतात. तांडेल टेकू धरून उभा आहे आणि ओरडून सांगतो आहे की आधी मागच्या कप्प्यात भरा, नाळ जड करू नका.