लेखकाच्या जीवनावरील चित्रपटाची लॉगलाइन कशी लिहावी?



मराठी भाषा गौरव दिनासाठी आमच्या सातवीच्या मुलांना मोबाइलवर एक छोटा चित्रपट करायचा होता. विषय ठरला साने गुरुजी. मी म्हटलं, आधी एका वाक्यात सांगा, चित्रपट कशाचा आहे? फळ्यावर वाक्य आलं: "थोर साहित्यिक, स्वातंत्र्यसैनिक व मातृहृदयी शिक्षक साने गुरुजी यांच्या प्रेरणादायी जीवनावरील भावस्पर्शी चित्रपट." खोटं कशाला बोलू, मलाही ते बरं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, पण मंग याच्यात होते काय?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच लॉगलाइन.

कथा कोणाची आहे, त्या माणसाला काय हवं आहे, आडवं काय येतं आणि जमलं नाही तर तो काय गमावेल, हे एक-दोन वाक्यांत सांगणं म्हणजे लॉगलाइन. पटकथा वाचायची की नाही, हे निर्माता बऱ्याचदा त्यावरून ठरवतो. पोस्टरवरची चटकदार ओळ वेगळी. ती फक्त प्रेक्षकाला ओढते, कथा सांगत नाही. इंग्रजीत लॉगलाइन साधारण पंचवीस-तीस शब्दांची असते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द थोडे कमीच लागतात. मी मुलांना शब्द मोजायला लावत नाही. एका दमात वाचून होते का, एवढंच बघायला सांगते.

आता फळ्यावरच्या वाक्यातलं नाव पुसून दुसऱ्या कोणाचं लिहून पाहा. कितीतरी नावं चालतील! म्हणजे त्या वाक्यात गुरुजी नाहीतच. पाठाच्या सुरुवातीचा 'लेखक परिचय' वाचून वाचून आपल्याला ही सवय लागली आहे. जन्म, पुस्तकं, पुरस्कार. परीक्षेला ते ठीक आहे, पण त्यात घडत काही नाही.

लेखकाच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. पैलवान लढताना दिसतो. लेखक मात्र बसून लिहितो, ते पडद्यावर किती वेळ बघणार? म्हणून शोधायचं ते असं वळण, जिथे लिहिण्याची किंवा लिहिलेलं जगण्याची किंमत मोजावी लागली. आणि सगळं आयुष्य घ्यायचं नाही. पु. ल. देशपांडे यांच्यावरचा 'भाई : व्यक्ती की वल्ली' २०१९ मध्ये दोन भागांत आला. त्यांना दोन चित्रपट लागले, आपल्याकडे तर एकच वाक्य आहे!

मग आम्ही गुरुजींच्या आयुष्याचे दोन तुकडे घेतले. पहिला १९३३ चा. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून ते १९३० मध्ये सत्याग्रहात उतरले होते. पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्यावरून हे वाक्य तयार झालं:

"आईच्या शेवटच्या क्षणी जवळ नसलेला एक शिक्षक तुरुंगात तिची गोष्ट लिहायला घेतो, पण तिच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःच्या लहानपणीच्या चुका साऱ्या जगासमोर मांडाव्या लागणार."

यातला 'पण' फार कामाचा. तो काढला की वाक्य पुन्हा लेखक परिचय होतं.

दुसरा तुकडा १९४७ चा, पंढरपूरचा:

"महाराष्ट्राला रडवणारा एक हळवा लेखक विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावतो, पुजारी हटत नाहीत आणि ज्यांना तो मानतो त्या गांधीजींकडूनच उपोषण सोडण्याचा निरोप येतो."

माणूस तोच, पण चित्रपट दोन. मुलांनी दुसरा निवडला, कारण त्यात भांडण आहे! मला मात्र पहिला आवडतो. आणि बघा, दोन्ही वाक्यांत गुरुजींचं नाव नाही. विशेषणातूनच माणूस कळायला हवा. 'थोर' हे विशेषण काही दाखवत नाही. 'आईच्या शेवटच्या क्षणी जवळ नसलेला' हे दाखवतं.

"पण मंदिर उघडलं, हे तर सगळ्यांना माहीत आहे," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. चरित्रपटात शेवट लपवून उपयोग नसतो. तिथे 'काय होईल' यापेक्षा 'कसं सोसलं' याची ओढ लावावी लागते.

कधी कधी तर लेखक नायकच नसतो. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, गाणी छापून यावीत असा त्यांचा हट्टही नव्हता. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. मग कथेत धडपड कोणाची? मुलाची, सोपानदेवांची: "अक्षर न शिकलेल्या शेतकरी आईची गाणी वहीत उतरवलेल्या कवीला ती गेल्यावर प्रश्न पडतो, बोलीतली ही गाणी जगाला कविता वाटतील का?" हा 'प्रश्न पडतो' अजून कच्चा आहे. नायकाने काहीतरी करायला हवं. तुम्ही दुरुस्त करून पाहा.

आता आपल्या वाशिमचा लेखक. नामदेव कांबळे शिरपूरचे. ते वाशिमला शिक्षक होते. 'राघववेळ' या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री. हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. लेखक पुण्या-मुंबईकडचेच असतात, असं पोरांना वाटत होतं. एक मुलगी लगेच वही काढून लॉगलाइन लिहायला लागली. मी तिला थांबवलं. वरच्या चार ओळी म्हणजे पुन्हा लेखक परिचयच. हयात माणसाच्या मनात काय चाललं असेल ते आपण अंदाजाने लिहायचं नाही. आधी पुस्तक वाचायचं, मग त्यांना विचारायचे प्रश्न काढायचे.

तिने वहीत पहिला प्रश्न लिहिला: "सर, लिहिताना तुम्हाला भीती कशाची वाटली?"