अपघातानंतरची फी

31 ऑगस्ट 2019 ला सकाळी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसं गेली. सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. ही सानुग्रह मदत. तिचा आणि कायदेशीर भरपाईचा संबंध नाही. आज प्रश्न फीचा.

कामावर बाप गेला म्हणून मुलाची कॉलेजची फी माफ, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. पण ते मुलगी म्हणून, बाप गेला म्हणून नव्हे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना भारत सरकार शिष्यवृत्ती आहे. बाप गवंडी किंवा सेंट्रिंगवाला असेल, तर बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंद होती का, हे आधी बघा. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नूतनीकरण राहिलं की खिडकीवरचा बाबू पुढचं काही ऐकत नाही. नोंद चालू असताना कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून पाच लाख.

जळगावच्या चटई कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये ही नोंद चालत नाही. तिथे ईएसआयसी कापलं जात असेल तर ठोक भरपाई नाही, दरमहा अवलंबितांचं निवृत्तिवेतन मिळतं, मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत. म्हणजे कॉलेजची वर्षं त्यात बसतात. ईएसआयसी नसेल तर भरपाईचा हिशेब: पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा गुणांक. चाळीस वर्षांचा कामगार, पगार 12,000, म्हणजे 6,000 गुणिले 184.17, अकरा लाख पाच हजार वीस रुपये.

गडबड होते ती इथेच. तेराव्याच्या आत ठेकेदार दोन लाखांचं पाकीट घेऊन दारात येतो, 'वहिनी, कोर्टकचेरीत काय मिळणार?' म्हणतो आणि कोऱ्या कागदावर सही घेतो. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसाच्या हातात द्यायची नसते. ती भरपाई ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यापासून हाच नियम आहे. परस्पर दिलेलं पाकीट भरपाईत धरलं जात नाही; तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी वळती होते. हक्क सोडल्याची सहीही रद्दबातल. ठेकेदार पळाला तर मूळ मालक बांधील.

या जमा रकमेतून अज्ञान मुलाचा वाटा वेगळा गुंतवतात. पुष्कळ घरं तो अठरापर्यंत विसरून जातात. पण ती रक्कम मुलाच्या हितासाठी वापरायची तरतूद आहे, आणि फी हे हितच. प्रवेशाचं पत्र, फीची पावती किंवा कॉलेजचा खर्चाचा अंदाज जोडून त्याच प्राधिकाऱ्याकडे साधा अर्ज द्या. व्याज तरी सोडा, अशी मागणी आधी करा. मुद्दल मागायचं असेल तर पुढच्या वर्षांचा हिशेबही जोडा. प्रवेशाची शेवटची तारीख अर्जात ठळक लिहा, नाहीतर सुनावणीची तारीख पडेपर्यंत कॅप राउंड आटोपतात.