वारे नव्हे, मेंदूची उपासमार

कुणाचे तोंड वाकडे झाले, हातातला तांब्या गळून पडला, जीभ जड झाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अजूनही पहिला शब्द निघतो, "वारं गेलं." कुणी म्हणतो, "लकवा मारला." मग गरम तेलाची मालिश होते, कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, कुणी अंगारा आणतो, आणि "सकाळी पाहू" म्हणून माणसाला निजवले जाते. वस्त्यांतून फिरताना आम्ही हे पुन्हा पुन्हा ऐकले आहे. घरच्यांची माया कमी पडते असे नाही, समजूत चुकते. लुळा पडलेल्या हातात काहीच बिघडलेले नसते. बिघाड असतो डोक्यात, त्या हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूत.

हा बिघाड कष्टकरी माणसाला सहज समजेल असा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो. आणि शिल्लक म्हणाल तर जवळपास शून्य. यकृत साखर साठवते, अंगावर चरबी साठते. मेंदूचे मात्र हातावर पोट. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की काही सेकंदांत त्या भागाचे काम थांबते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

पेशी मरते कशी? प्रत्येक पेशीला आत शिरणारे क्षार सतत बाहेर फेकावे लागतात. विहीर खोदताना झिरपणारे पाणी मोटर लावून उपसत राहावे लागते, तसेच हे. वीज गेली की विहीर भरते. इथेही रक्त थांबले की उपसा थांबतो. क्षार आत शिरतात, त्यामागे पाणी शिरते, पेशी फुगते. मरता मरता ती ग्लुटामेट नावाचे रसायन प्रमाणाबाहेर सोडते. त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते आणि त्याही आतून नासू लागतात. म्हणजे एका घरची आग दुसऱ्या घराला लागते.

पण सारी वस्ती एकदम जळत नाही. ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते साधारण २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवते, आणि १० च्या खाली गेले की लवकरच मरते. मधला गाभा असा मिनिटांत मरतो. त्याभोवतीच्या पट्ट्याला मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडेफार रक्त मिळत असते. तो भाग मुका झालेला असतो, पण जिवंत असतो. शास्त्रज्ञ त्याला 'पेनंब्रा' म्हणतात, म्हणजे ग्रहणात गडद छायेभोवती पडते ती उपच्छाया. रक्त वेळेत परतले तर हा भाग पुन्हा कामाला लागतो. नाही परतले तर तोही गाभ्यात जमा होतो. अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला: मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. "सकाळी पाहू" या दोन शब्दांची किंमत यावरून ओळखावी.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन हवाच. कारण काही रोग्यांत वाहिनी बंद होत नाही, फुटते, आणि मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जाते, म्हणून पाणीही पाजू नये.

वेळ निघून गेली तर पुढे काय होते? मेलेला भाग सुजतो; सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते. म्हणून दुसऱ्या दिवशी बरा वाटलेला माणूस चौथ्या दिवशी गुंगीत जाऊ शकतो. नंतर सफाई करणाऱ्या पेशी येतात, मेलेला भाग पातळ होतो, आणि काही महिन्यांत तिथे पाण्याने भरलेली पोकळी उरते. ती पुन्हा भरून येत नाही. पण शेजारचे जिवंत भाग काही काम शिकून घेतात. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. म्हणून रोग्याला खाटेवर टाकून न ठेवता डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम लवकर सुरू करावा.

हा श्रीमंतांचा आजार आहे, असे कुणी समजू नये. विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ या आजाराने झाले होते. कोणत्याही एका कारणाने झालेले हे सर्वाधिक मृत्यू; आणि दर १०० पैकी ८७ जणांनी घरीच प्राण सोडला.

हा केवळ म्हाताऱ्यांचाही आजार नाही. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल बराच आढळतो. त्यातील विळ्यासारख्या पेशी मेंदूच्या वाहिन्या खराब करतात. सिकलसेलच्या लेकराचा हात-पाय अचानक लुळा पडला तर तितकीच घाई करावी.

सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजून घ्यावा आणि बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. खर्रा आणि बिडी सोडावी, मीठ कमी करावे.

आपला जिल्हा लांबरुंद आहे. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून दूर, नांदेड त्यापेक्षा जवळ. वणीहून चंद्रपूर जवळ. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही आपल्याला जवळ कुठे मिळते, ही चौकशी प्रत्येक गावाने आजच करून ठेवावी. तोंड वाकडे, हात खाली पडतो, बोलणे अडखळते, यांतले एक जरी अचानक दिसले तरी १०८ क्रमांकाला फोन करावा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यात मोफत आहे. आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि पुढचा सारा उपचार त्या उत्तरावर ठरतो.