नव्याण्णव पायऱ्यांवरचा इतिहासकार

चीनच्या शान्शी प्रांतात, हानचेंगजवळ, पीत नदीकाठच्या शेतांवर एक टेकडी उभी आहे. झिजलेल्या दगडी वाटेने वर जावं, 99 पायऱ्या चढाव्यात, की देऊळ लागतं. ते कुठल्या देवाचं नाही. इतिहास लिहिणाऱ्या माणसाचं आहे, आणि त्याची स्थापना इ.स. 310 मधली!

सिमा छिएन याच मुलखातला, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात जन्मलेला. वडिलांनी हाती घेतलेला इतिहास पुरा करीन, असा शब्द त्याने त्यांच्या अखेरच्या घटकेला दिला होता. लिखाण चालू असतानाच, इ.स.पूर्व 99 मध्ये, ली लिंग हा चिनी सेनानी श्योंगनू या शत्रू टोळ्यांना शरण गेला. सगळा दरबार त्याच्यावर तुटून पडला. एकटा सिमा छिएन त्याच्या बाजूने बोलला आणि सम्राट वू खवळला. शिक्षा मृत्यूची. पैसे भरून सुटता आलं असतं, पण तेवढे पैसे नव्हते. उरलं खच्ची होणं. मानी माणसं अशा वेळी जीव देत. ग्रंथ अपुरा होता म्हणून त्याने ती विटंबना सोसली.

तो ग्रंथ ‘शिजी’. 130 प्रकरणं, सव्वापाच लाखांहून जास्त अक्षरं. त्यात राजे आहेत, तसेच व्यापारी, मारेकरी आणि विदूषकही. आपणसुद्धा आहोत! झांग छिएन या चिनी वकिलाला मध्य आशियातल्या बॅक्ट्रियात चीनचे बांबू आणि कापड दिसलं. ते हिंदुस्थानातून आल्याचं तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं. हत्तींवरून लढणाऱ्या त्या उष्ण, दमट देशाची ही खबर सिमा छिएनने टिपून ठेवली.

त्या विटंबनेनंतर, आईवडिलांच्या थडग्यापाशी आता कोणत्या तोंडाने जाऊ, असं त्याने एका पत्रात लिहिलं होतं. त्याच माणसाच्या समाधीला आज लोक एवढा चढ चढून येतात. ती देवळामागे आहे: मंगोल राजवटीतली, त्यांच्या तंबूसारखी गोल, विटांची, आणि माथ्यावर चक्क एक जुना सुरू जातीचा वृक्ष फोफावलेला.

जवळच्या शू गावचे लोक स्वतःला त्याचे वंशज मानतात. राजकोपाच्या भीतीने पूर्वजांनी आडनाव लपवलं, असं ते सांगतात. ‘सिमा’च्या पहिल्या चिनी अक्षराला एक रेघ जोडून काही जण थोंग झाले, दुसऱ्याला दोन ठिपके देऊन बाकीचे फंग. भावकी एकच, म्हणून या दोन घराण्यांत सोयरीक न करण्याची रीत पडली.