सुरतेचे मास्तर आणि पूर्वपक्षाची वाट

मुंबईहून महामार्गाने अहमदाबादकडे जाणाऱ्या बऱ्याच बसगाड्या सुरत शहरात शिरत नाहीत. सुरतेचे प्रवासी कामरेजच्या चार रस्त्याला उतरतात आणि रिक्षा शोधू लागतात. तापीकाठचं हे कामरेज एकेकाळी बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होतं, आणि वीसेक किलोमीटरवरची सुरत इंग्रजांची. त्या इंग्रजी सुरतेत १८४०च्या दशकात एक मराठी मास्तर सरकारी शाळेत शिकवत होते: दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहून ‘मराठीचे पाणिनी’ ठरलेले हेच ते दादोबा. त्यांनी आयुष्यभर केलेला दुसरा अभ्यास मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. तो होता ख्रिस्ती धर्मविचाराचा, कोणत्याही सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाची, पायरी न चढता केलेला.

सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८१५ पासून होते. गुजराती बायबल त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. पुढे एका पारशी विद्यार्थ्याच्या धर्मांतरावरून शहरात गदारोळ उठला आणि शिकलेल्या मंडळींना प्रश्न पडला: पाद्र्यांना उत्तर द्यायचं तर आपण नेमकं मानतो तरी काय? २२ जून १८४४ रोजी दादोबा, सुरतेचेच शिक्षक दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या मित्रांनी मानवधर्म सभा स्थापन केली. पाच प्रमुख सभासदांची नावं ‘द’ने सुरू होणारी, म्हणून सुरतेने त्यांना ‘पाच दद्दा’ करून टाकलं. (गुजरातीत ‘द’ला दद्दो म्हणतात.) ईश्वर एक, माणसाची जात एक, हे त्यांचं म्हणणं. सभेत मांत्रिकांना जाहीर आव्हान दिलं जाई.

त्याच सुमारास काशीत नीळकंठ गोरे हा एकोणीस-वीस वर्षांचा चित्पावन पंडित एका स्कॉटिश अधिकाऱ्याचा संस्कृत ग्रंथ समोर ठेवून बसला होता. जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या पुस्तकात खरा धर्म ओळखायच्या कसोट्या होत्या: संस्थापकाचे चमत्कार, शास्त्राचं पावित्र्य, शास्त्राची सार्वत्रिकता. नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिलं. त्यातला एक मुद्दा आजही टोचतो: पूर्वजन्म मानला नाही, तर जन्मापासून दुःख भोगणाऱ्याच्या बाबतीत देव अन्यायी ठरतो.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण नवा वाचक ज्या तीन शब्दांत गोंधळतो ते तिन्ही याच मुद्द्यावर वेगळे करून दाखवता येतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. देवाचं कार्य या माणसात प्रकट व्हावं म्हणून, असं सांगतो आणि त्याला दृष्टी देतो. या उत्तरातून देवाबद्दल काय कळतं, ते उरलेल्या शास्त्राशी कसं जुळतं, हा थिऑलॉजीचा म्हणजे ईश्वरविद्येचा प्रश्न. सर्वशक्तिमान आणि दयाळू देव असताना दुःख असू शकतं का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा. तो विचारायला श्रद्धा लागत नाही. आणि नीळकंठशास्त्र्यांसारखा कुणी समोर येऊन ‘तुमचा देव अन्यायी आहे’ म्हणाला, तर त्याला काय सांगायचं, हे अपॉलोजेटिक्स. मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ हा कोर्टातला, आरोपीने आपली बाजू मांडणं या अर्थाचा. सॉक्रेटिसाच्या बचावाच्या भाषणालाही हेच नाव आहे.

नीळकंठशास्त्री वाचत गेले, मिशनऱ्यांशी भांडत गेले, आणि १८४८ साली जौनपुरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे झालेल्या त्याच पंडिताने १८६०च्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहाही दर्शनांचं खंडन केलं. पक्ष बदलला, शिस्त तीच राहिली: आधी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग उत्तरपक्ष म्हणजे आपलं उत्तर. युरोपात तेराव्या शतकात ईश्वरविद्येचा पंडित थॉमस अक्वायनस आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात हेच करत होता. प्रत्येक प्रकरणात आधी स्वतःविरुद्धचे आक्षेप ओळीने मांडायचे, मग उत्तर, मग एकेका आक्षेपाचा समाचार. न्यायदर्शनाची थोडी ओळख असलेल्या मराठी वाचकाला ‘सुम्मा’ परका वाटू नये.

ईश्वरविद्या घरबसल्या शिकणारे नेमके या शिस्तीतच घसरतात. ते तयार उत्तरांपासून सुरुवात करतात, चार व्हिडिओ पाहून दहा हजरजबाबी वाक्यं पाठ करतात. अशाने वादात टाळ्या मिळतील, पण अभ्यास होत नाही. आधी चारही शुभवर्तमानं सलग वाचावीत, मग ऑगस्टीनसारखा एखादा मूळ लेखक, आणि त्याच्या जोडीला त्याचा कडवा टीकाकार. जमलं तर भाषाही शिकाव्यात. पंडिता रमाबाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, कारण मूळ पाहिल्याशिवाय मराठी बायबल करायचं नाही हा त्यांचा हट्ट. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये चाललेलं ते भाषांतर त्यांनी १९२२ साली मृत्यूआधी पुरं केलं. ज्याला परीक्षेचा बडगा लागतो त्याच्यासाठी सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचे ईश्वरविद्येचे बहिःस्थ अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी पाद्री असावं लागत नाही.

दादोबा १८४६ मध्ये मुंबईला परतले. १८४९ च्या सुमारास तिथे मानवधर्म सभेच्याच वळणाची परमहंस सभा उभी राहिली. तिचे सभासद गुपचूप जमून ख्रिस्ती भटारखान्याचा पाव खात आणि जात मोडत. त्यांच्यातला बेळगावचा बाबा पदमनजी पुढे वाचत वाचत १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला. दादोबा झाले नाहीत, पण त्यांचं वाचनही थांबलं नाही. म्हातारपणी त्यांच्या हाती एमानुएल स्वीडनबोर्ग लागला, हा अठराव्या शतकातला स्वीडिश माणूस. आधी खाणींचा शास्त्रज्ञ, मग स्वर्ग-नरकाचे वृत्तान्त लिहिणारा द्रष्टा. पवित्र त्रैक्य म्हणजे तीन व्यक्ती नव्हेत, एकाच ख्रिस्तातली तीन अंगं, असं म्हणणारा. एकेश्वरासाठी सभा काढणाऱ्या माणसाला हे जवळचं वाटलं नसतं तरच नवल. रूढ चर्चला तो पाखंडी वाटे, ही गंमत वेगळीच.

१८७८ साली लंडनमध्ये दादोबांचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. विषय, स्वीडनबोर्गच्या ग्रंथांवर एका हिंदू गृहस्थाचं चिंतन. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. शीर्षकात त्यांनी ‘हिंदू’ हा शब्द ठेवला आहे.