फडताळातला नोट फोर

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, मिसळणाच्या डब्याला टेकून, एक काळा फोन उभा असतो. सकाळी त्यावर आकाशवाणी लागते. इअरफोनची वायर बाजूच्या खुंटीला अडकवलेली, कारण रेडिओला तीच एरियल. संध्याकाळी टीव्हीचा रिमोट सापडला नाही की आई शोधत बसत नाही, फोन टीव्हीकडे रोखते आणि आवाज कमी करते. फोनच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा एक बारीक ठिपका आहे. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण दुसऱ्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिलं तर बटण दाबताना तिथे जांभळट ठिणगी लुकलुकते. शेजारच्या मुलांना मी हे दाखवतो आणि दर वेळी त्यांच्याइतकाच मीही टक लावून बघतो.

हा शाओमीचा रेडमी नोट 4. 2017 मध्ये 10,999 रुपयांना घेतलेला. 3 जीबी रॅम, 32 जीबी साठवण. तीन वर्षं माझ्या खिशात होता, मग आईकडे गेला. मधल्या किमतीचा फोन कसा बांधावा, पैसा कुठे घालावा आणि कुठे हात आखडावा, हे मला या फोनने जितकं शिकवलं तितकं नंतरच्या एकाही फोनने शिकवलं नाही. म्हणून हा लेख त्याच्यावर.

भारतात तो आला 19 जानेवारी 2017 ला. वेळ मोठी अचूक होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं होतं. त्याच्यावर बोलणंसुद्धा 4जी डेटावरूनच, म्हणजे व्होल्टीई असलेला फोन हवाच. नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या, 30 डिसेंबरला भीम ॲप आलं. ज्या घरांत तोवर बटणाच्या फोनवर भागत होतं, तिथेही चांगल्या फोनची चौकशी सुरू झाली आणि बहुतेकांचं बजेट दहा-बारा हजारांचं. नोट 4 च्या किमती होत्या 9,999, 10,999 आणि 12,999. पहिला सेल 23 जानेवारीला ऑनलाइन झाला. दहा मिनिटांत अडीच लाख फोन गेले आणि पुढच्या पंचेचाळीस दिवसांत आकडा दहा लाखांवर पोचला, असं कंपनीने जाहीर केलं. ऑफिसात आम्ही तिघे जण दुपारी बाराच्या ठोक्याला तीन कॉम्प्युटरवर बसलो होतो, मिळाला एकालाच. माझा नंबर तिसऱ्या सेलला लागला.

आता फोनच्या पोटात जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

आधीच्या नोट 3 मध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन 650 ही चिप होती. तिच्यात सहा कोअर: चार लहान, कॉर्टेक्स ए53 जातीचे, आणि दोन दांडगे, कॉर्टेक्स ए72. नोट 4 मध्ये आली स्नॅपड्रॅगन 625, आठही कोअर लहान ए53. म्हणजे नवा फोन आणि चिपचा आकडा मात्र 650 वरून 625 वर उतरलेला. चीनमध्ये ऑगस्ट 2016 मध्ये निघालेल्या नोट 4 मध्ये तर मीडियाटेकची दहा कोअरची हेलिओ एक्स20 होती. तीही इथे आणली नाही. फोनची चर्चा करणाऱ्या मंडळींनी तेव्हा नाकं मुरडली होती, आणि मीही त्यांच्यातच होतो. जड गेम उघडताना, मोठं पान लोड होताना जुना नोट 3 काही वेळा नव्याच्या पुढे जायचा, हे खरंच होतं.

ए53 आणि ए72 यांतला फरक तहसील कचेरीतल्या खिडकीसारखा आहे. ए53 च्या खिडकीवर रांग म्हणजे रांग. पुढच्या माणसाचा एखादा कागद यायचा असेल तर मागचे सगळे थांबतात. ए72 च्या खिडकीवरचा कारकून रांगेवर नजर फिरवतो आणि ज्याचे कागद तयार आहेत त्याला आधी मोकळं करतो. काम झपाट्याने होतं. पण कोणाचे कागद तयार, कोणाचे अडले, कोणाचा नंबर खरा कितवा, हे सगळं ध्यानात ठेवायला त्याला जादा माणसं लागतात, आणि चिपमध्ये ही जादा माणसं म्हणजे जादा वीज.

दुसरी गोष्ट चिप ज्या पद्धतीने घडवली तिची. स्नॅपड्रॅगन 650 ही 28 नॅनोमीटरची, 625 ही 14 नॅनोमीटरची. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ समजा. जुन्या, सपाट रचनेत नळाची चकती वरून एकाच बाजूने बसते. नळ बंद केला तरी थेंब थेंब गळत राहतो, आणि असे अब्जावधी नळ एकदम गळायला लागले की फोन खिशात पडल्या पडल्या बॅटरी उतरते. 14 नॅनोमीटरच्या फिनफेट रचनेत वाहण्याची वाट एका उभ्या पात्यासारखी असते आणि चकती तिला तीन बाजूंनी कवटाळते. बंद म्हणजे बऱ्यापैकी बंद. ही रचना तोवर महागड्या फोनमध्ये असायची. 600 च्या मालिकेत ती पहिल्यांदा 625 ने आणली.

लहान कोअर, कमी गळती, आणि त्यांच्या जोडीला 4,100 एमएएचची बॅटरी. या तीन गोष्टींचा गुणाकार झाला. माझा फोन दीड दिवस बिनघोर चालायचा. मे महिन्यात एसटीत खिडकीशी बसून तासभर नकाशा चालू ठेवला तरी हाताला चटका नाही. रात्री झोपताना चाळीस टक्के दिसायचे आणि चार्जरला लावायचं राहूनही जायचं. चिपच्या आकड्यावरून मुरडलेलं नाक मी महिन्याभरात सरळ केलं. दहा हजारांचा फोन घेणारा माणूस दिवसभर घराबाहेर असतो. डिलिव्हरी करतो, शेतावर असतो, लोकलने दोन तास जातो-येतो. त्याला चार सेकंदांचं काम तीन सेकंदांत होण्यापेक्षा संध्याकाळी सातला फोन जिवंत असणं मोलाचं. कोणीतरी हे ओळखलं आणि जाहिरातीत मिरवता येईल असा मोठा आकडा सोडून दिला. या निर्णयाचं मला आजही कौतुक वाटतं.

फोन हातात घेतला की गार लागतो, कारण पाठ ॲल्युमिनियमची. पण पाठीवरून बोट वरून खाली फिरवा. आधी किंचित कोमट, मग एक चकचकीत रेघ, मग गार धातू, पुन्हा रेघ आणि खाली पुन्हा कोमट. वरची आणि खालची पट्टी प्लॅस्टिकची आहे, धातूच्या रंगात रंगवलेली. धातू रेडिओ लहरी अडवतो. पाठ सबंध धातूची केली तर आतल्या अँटेनांना रेंज मिळणार कुठून? महाग फोनमध्ये सबंध धातूला बारीक खाचा पाडून त्यात प्लॅस्टिक ओततात, तो खर्च मोठा. इथे दोन टोकं सरळ प्लॅस्टिकची केली. रंग इतका जुळवलेला की बोटाला कळतं, डोळ्याला पटकन कळत नाही. समोरच्या काचेच्या कडा किंचित वळवलेल्या, त्यामुळे अंगठा आत सरकवताना काच टोचत नाही. साडेपाच इंचांच्या पडद्यावर 1920 गुणिले 1080 ठिपके आहेत, म्हणजे वीस लाखांहून जास्त, आणि याचा खरा उपयोग इंग्रजीपेक्षा आपल्या लिपीला. ‘क्ष्म’, ‘ष्ट्य’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं बारीक टायपातही फुटत नाहीत. आधीच्या स्वस्त फोनवर ‘द्ध’ आणि ‘ध्द’ एकसारखे काळे डाग दिसायचे.

हात आखडला तो कॅमेऱ्यात. 13 मेगापिक्सेलचा कॅमेरा उन्हात छान, पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गणपतीच्या आरतीला फोटो दाणेदार यायचे. चार्जर साधा, 5 व्होल्ट 2 अँपिअरचा, म्हणजे 10 वॉटचा. एवढी मोठी बॅटरी त्यावर भरायला दोन तासांच्या वर जातात. सिमचा ट्रे हायब्रिड: एक मायक्रो सिम, आणि दुसऱ्या खणात एक तर नॅनो सिम नाही तर मेमरी कार्ड. दोन्ही हवं असणाऱ्यांनी तेव्हा सिमची चिप सोलून ती मेमरी कार्डाच्या पाठीवर चिकटवायची करामत काढली होती. असे ट्रे मी पाहिले आहेत. काही चालायचे, काही ट्रेसकट आत अडकायचे.

दोन वर्षांपूर्वी आईच्या हातून फोन ओट्यावरून फरशीवर पडला आणि काच तडकली. दुरुस्तीवाल्याकडे नेला. आमच्याकडे स्टेशनजवळ अशा दुकानांची ओळच आहे. चार फूट बाय सहा फूट जागा, वर गोल दिवा, हीट गन, काचेच्या बरणीत हजारो स्क्रू.

‘‘दादा, फोल्डर कॉपी टाकू की ओरिजिनल?’’ त्याने विचारलं. काच, टच आणि डिस्प्ले मिळून जो एक तुकडा येतो त्याला या धंद्यात फोल्डर म्हणतात.

‘‘याचं अजून मिळतं?’’

‘‘नोट फोरचं? याचं सगळं मिळतं.’’

त्याने सिमचा ट्रे काढला, कडेच्या फटीत प्लॅस्टिकची पातळ पाती सरकवली आणि फोनभोवती फिरवली. कट् कट् करत लॉक सुटले. मग तो थांबला. पाठ झटक्यात न उचलता बिजागरीवरच्या झाकणासारखी हळूच कलती केली. ‘‘इथे घाई केली की फिंगरप्रिंटचा पत्ता तुटतो,’’ तो म्हणाला. ठसा ओळखणारा सेन्सर पाठीला चिकटलेला असतो आणि तिथून एक नारिंगी रंगाची लवचिक पट्टी बोर्डाकडे जाते. ती सुटी केल्यावर आतला नकाशा समोर आला: वर बोर्ड, खाली चार्जिंगचा छोटा बोर्ड, आणि मधली जवळजवळ सगळी जागा बॅटरीने व्यापलेली. फोनच्या आत काय महत्त्वाचं मानलं होतं ते नुसत्या जागेवरून कळत होतं. बॅटरी फुगलेली नव्हती, पण वयाने अर्धमेली झालेली. तीही बदलून घेतली. तासाभरात काम झालं. इतके फोन विकले गेल्यामुळे सुटे भाग आजही मुबलक आहेत आणि पोरांचे हात बसलेले आहेत. वस्तू टिकण्यामागे तिच्या मजबुतीइतकाच या बाजाराचाही वाटा असतो, आणि फोन घेताना त्याची चौकशी कोणी करत नाही.

या फोनचं आयुष्य आखूड केलं ते सॉफ्टवेअरने. तो अँड्रॉइड 6 वर आला, 7 वर गेला आणि तिथेच थांबला. शाओमीचं स्वतःचं वरचं आवरण, एमआययूआय, नंतरही बदलत राहिलं, पण खालचं अँड्रॉइड सातवरच. मग सुरक्षेची अपडेटही बंद झाली. यंत्र धडधाकट आणि कुलूप जुनं, अशी अवस्था. म्हणून आईच्या या फोनवर बँकेचं किंवा पैशांचं एकही ॲप आम्ही ठेवलेलं नाही, आणि ज्यांच्या घरी असे जुने फोन चालू आहेत त्या सगळ्यांना मी हेच सांगतो.

पण इथे वेगळीच माणसं पुढे आली. कारखान्यात या फोनचं सांकेतिक नाव होतं ‘मिडो’. कर्नलचा, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्याचा, सोर्स कंपनीने खुला केला होता, बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप अर्ज करून उघडता यायचं, आणि फोन तर लाखोंच्या हातात. देशोदेशीच्या हौशी प्रोग्रामरांनी मिडोसाठी नवं अँड्रॉइड बांधायला घेतलं. लिनिएजओएस आणि तसल्या डझनभर रॉम. आठ, नऊ, दहा आणि पुढच्याही आवृत्त्या या फोनवर चालल्या, ज्या कंपनीने कधी दिल्या नव्हत्या. कॉलेजातली मुलं परीक्षा सांभाळून रात्री हे करत होती. रॉम फ्लॅश करताना फोनचा दगड होण्याची भीती असते, तरी माझ्या भाच्याने त्याच्या मिडोवर तीनदा रॉम बदलली आणि त्यातूनच तो लिनक्स शिकला. कंपन्यांच्या बाजूने पाहिलं तर 2024 मध्ये आलेल्या गॅलक्सी ए16 5जी ला सॅमसंगने सहा वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. मधल्या किमतीच्या फोनला असा शब्द मिळायला इतकी वर्षं लागली. नोट 4 ला तो मिळाला असता तर लाखो घरांत हा फोन आणखी काही वर्षं मुख्य फोन राहिला असता.

आईच्या लेखी मात्र फोनमधला सर्वांत मोठा बदल वेगळाच. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलच्या आवाजी टायपिंगला मराठी समजू लागलं. तोवर ती मावशीला रोमन अक्षरांतलं मराठी लिहायची, एकेक बोटाने, आणि मावशी ते जावयाकडून वाचून घ्यायची. परवाही तिने फडताळातून फोन काढला, माइकच्या चित्रावर अंगठा ठेवला आणि चष्मा कपाळावर सारून, समोर मावशीच बसलीय अशा आवाजात म्हणाली, ‘‘सुमे, कैऱ्या पोचल्या का गं? लोणच्याला घेऊ नकोस, त्या मेथांब्याच्या आहेत.’’

पडद्यावर शब्द उमटत गेले. पूर्णविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, पण ‘कैऱ्या’ मध्ये रफार न होता अर्धा र जागच्या जागी. आईने चष्मा खाली घेऊन ओळ दोनदा वाचली, पाठवली आणि रेडिओ पुन्हा लावला.